टीसीसी डबल-क्लिकने उघडत नाही, कारण ते उघडायचं नसतंच

प्रश्न थोडक्यात असा: बीसीएसचं दुसरं वर्ष, राहायला जुळे सोलापूर, लॅपटॉप दादाचा जुना, रॅम दोन जीबी. मोठा आयडीई (प्रोग्राम लिहिणं, चालवणं सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) टाकला की पंखा यंत्रमागासारखा वाजतो आणि माउस जागचा हलत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्राम चालवून देणाऱ्या प्रोग्रामवर, टर्बो सी. कुणीतरी म्हणालं, टीसीसी नावाचा अगदी छोटा कंपायलर (सी भाषेतला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारा) आहे, तो घे. झिप उतरवली, टीसीसीवर डबल-क्लिक केलं, काळी खिडकी लुकलुकून गेली. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये टीसीसी टाइप केलं तर विंडोज म्हणतं, हा प्रोग्राम तुमच्या विंडोजशी जुळत नाही. "झिप खराब आली का? आणि हे शिकून प्रॅक्टिकलला काही उपयोग आहे का?"

एकेरीत बोलतोय, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांना मी सुताचा हिशेब, बीमची नोंद, मजुरीचा तक्ता असले छोटे प्रोग्राम लिहून देतो. तिथले कॉम्प्युटर तुझ्या दादाच्या लॅपटॉपपेक्षा बरे नसतात, वर कापसाची धूळ. म्हणून हा कंपायलर माझ्या रोजच्या वापरातला आहे.

एक आधी सांगून ठेवतो. मोबाइलवर मराठीत लिहितोय, त्यामुळे कमांडही देवनागरीतच येतील. तू त्या इंग्रजी छोट्या लिपीत टाइप कर. "डॅश रन" म्हटलं की आडवी रेघ आणि तिला चिकटून, जागा न सोडता, रन.

झिप बहुधा खराब नाही. तू एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टींवर अडखळली आहेस. काळी खिडकी येऊन गेली हा बिघाडच नव्हे. कंपायलर हा वर्ड किंवा पेंटसारखा उघडून बसायचा प्रोग्राम नाही. त्याला एक फाइल द्यायची, तो दुसरी फाइल देतो आणि निघून जातो. तू त्याला काहीच दिलं नाहीस, म्हणून त्याने "मला असं असं वापरा" ही यादी छापली आणि तो गेला. तो गेल्यावर खिडकीही गेली. लॅबमध्ये टर्बो सीची निळी खिडकी उघडते, म्हणून निळी खिडकी म्हणजेच कंपायलर असं वाटत राहतं. ती खिडकी म्हणजे एडिटर आहे, कंपायलर तिच्या पोटात बसलेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि ती मी बऱ्याच पोरांच्या मशीनवर पाहिली आहे. टीसीसी नावाचे दोन कंपायलर आहेत. बोरलँडचा टर्बो सी १९८७ मध्ये आला. त्याच्या निळ्या खिडकीशिवाय, नुसत्या कमांडवर चालणारा कंपायलरही सोबत मिळायचा, आणि त्या फाइलचं नाव टीसीसी डॉट ईएक्सई असंच होतं. तुला सुचवलेला टीसीसी म्हणजे टायनी सी कंपायलर. तो फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिला. व्हिडिओसाठीचं एफएफएमपेग आणि मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं क्यूईएमयू सुरू करणारा माणूसही हाच. मुद्दाम न कळेल असा सी लिहायची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. तिथे २००१ मध्ये त्याचा अगदी इवलासा सी कंपायलर जिंकला, आणि पुढे त्यातूनच हा टीसीसी वाढला. दोन्ही टीसीसींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, नाव मात्र एकच.

तुझ्या मशीनवर टर्बो सीसुद्धा असणार, कारण लॅबचं काम घरी करायला सगळेच टाकतात. त्यातला टीसीसी १६ बिटचा आहे आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. म्हणूनच तर लॅबमध्ये डॉसबॉक्स लागतो. तू हाक मारलीस एकाला आणि ओ दिली दुसऱ्याने. आळीत एकाच नावाचे दोघं असले की होतं तसं.

खात्री करून घे. कमांड प्रॉम्प्ट उघड आणि टाइप कर:

व्हेअर टीसीसी

जितक्या ठिकाणी टीसीसी सापडेल तितक्या ओळी येतील. सगळ्यांत वरची ओळ म्हणजे ओ देणारा. तिथे टर्बो सीचं फोल्डर दिसलं तर दुखणं सापडलं. मात्र पॉवरशेलची, म्हणजे विंडोजमधल्याच दुसऱ्या कमांडवाल्या प्रोग्रामची, निळी खिडकी उघडली असशील तर तिथे "व्हेअर" या शब्दाचा अर्थच वेगळा आहे आणि काहीच छापून येणार नाही. पॉवरशेलमध्येच राहायचं असेल तर "व्हेअर डॉट ईएक्सई टीसीसी" लिही. पण सध्या साधा कमांड प्रॉम्प्टच वापर, कारण पुढे एका जागी पॉवरशेल पुन्हा नडणार आहे.

कुणाची हाक आधी ऐकू जाते याचा नियम ठरलेला आहे. कमांड प्रॉम्प्ट आधी तू ज्या फोल्डरमध्ये उभी आहेस तिथे बघतो, मग पाथमधल्या, म्हणजे प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे त्या विंडोजच्या यादीतल्या, फोल्डरांत डावीकडून उजवीकडे. वहीतल्या सूचना वाचून तू टर्बो सीच्या बिन फोल्डरमध्ये जाऊन टाइप केलं असशील, तर पाथ कितीही बरोबर असला तरी तिथलाच टीसीसी उठणार. शिवाय विंडोजमध्ये सिस्टिमचा पाथ आधी आणि युजरचा नंतर लागतो. टर्बो सी सिस्टिमच्या यादीत आणि नवीन टीसीसी तुझ्या यादीत असेल तरीही तोच घोळ.

यावर मी करतो तो उपाय कुठल्याच पुस्तकात नसेल, पण सोपा आहे: नव्या टीसीसीच्या फाइलचं नाव बदल. "छोटा" ठेव, "टिनी" ठेव, इंग्रजी अक्षरांत काहीही. शेजारची इन्क्लूड आणि लिब ही दोन फोल्डरं मात्र हलवू नकोस, ती त्याला आपल्या शेजारीच लागतात. नाव बदलायचं नसेल तर टर्बो सीचं फोल्डर पाथमधून काढ. डॉसबॉक्सला त्याची गरज नसते. पुढे मी टीसीसी असंच लिहितोय, तू तुझं नाव वापर.

पाथ वाढवताना एक खड्डा आहे. इंटरनेटवर जागोजागी "सेटएक्स पाथ" अशी एका ओळीची कमांड देतात. ती वापरू नकोस. सेटएक्स १०२४ अक्षरांनंतरचं सरळ कापून टाकतो, आणि त्या ओळीने सिस्टिमचा पाथही तुझ्या पाथमध्ये कालवला जातो. कापलं गेल्यावर बाकीचे प्रोग्राम "सापडत नाही" म्हणायला लागतात आणि का ते कळत नाही. एका कारखान्याच्या ऑफिसातल्या मशीनवर मी स्वतः हा पराक्रम केलेला आहे; निस्तरायला संध्याकाळ गेली. विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधपट्टीत "एन्व्हायर्नमेंट" टाइप कर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी येईल, तिथे पाथ निवडून नवीन ओळ घाल. मग उघडा असलेला कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघड. जुन्या खिडकीला बदल कळत नाही.

आता झिपबद्दल. ती ग्नूच्या सव्हाना या साइटवरूनच घे, "फ्री डाउनलोड" वाल्या कुठल्यातरी साइटवरून नको. माझ्याकडे ०.९.२७ ही आवृत्ती आहे, डिसेंबर २०१७ ची. विंडोजची झिप एका एमबीच्याही आत बसते. तुला चार सेल्फी पाठवायला याहून जास्त डेटा लागत असेल. इन्स्टॉल करायची भानगड नाही. सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं, मध्ये जागा नसलेलं फोल्डर कर आणि त्यात सोड. डेस्कटॉपवर नको. स्वतःच्या प्रोग्रामसाठीही असंच एक फोल्डर ठेव.

नोटपॅडमध्ये लिहिणार असशील तर सेव्ह करताना "ऑल फाइल्स" निवड, नाहीतर तो गुपचूप शेवटी टीएक्सटी जोडतो. तुला दिसतं "पहिला डॉट सी", फाइल असते "पहिला डॉट सी डॉट टीएक्सटी", आणि कंपायलर म्हणतो फाइल सापडत नाही. "डीआयआर" मारलंस की खरं नाव दिसतं. कमांडवर काम करणाऱ्याला ही सवय लागलीच पाहिजे: काही बिनसलं की आधी आपण उभे कुठे आहोत आणि इथे खरंच काय पडलंय ते पाहायचं.

आता प्रत्यक्ष काम. फोल्डरमध्ये जाऊन

टीसीसी पहिला डॉट सी

एवढंच. विंडोजवर "पहिला डॉट ईएक्सई" तयार होईल. लिनक्सवर तीच फाइल "ए डॉट आउट" नावाने येते. वेगळं नाव हवं असेल तर डॅश ओ आणि पुढे नाव. हा ओ छोटा. मोठा ओ लिहिलास तर त्याचा अर्थ "कोड वेगवान कर" असा होतो. टीसीसी ते ऐकून घेतो, पण करत काहीच नाही. चूक नसेल तर पडद्यावर एक अक्षरही येणार नाही. नव्या माणसाला वाटतं काही झालंच नाही. गप्प बसला म्हणजे काम झालं.

पण तुझ्यासाठी खरी गंमत डॅश रनमध्ये आहे.

टीसीसी डॅश रन पहिला डॉट सी

ईएक्सई वगैरे काही बनवायचं नाही. मेमरीतच कंपाइल करून तिथल्या तिथे चालवायचं. टीसीसी फाइल वरून खाली एकदाच वाचतो आणि वाचता वाचताच मशीनचा कोड लिहीत जातो, त्यामुळे दोन जीबीच्या लॅपटॉपवरसुद्धा एंटर दाबेपर्यंत उत्तर येतं. बेलारने २००४ मध्ये याच कंपायलरचा एक बूट लोडर करून दाखवला होता: मशीन चालू करताना लिनक्सचा गाभा सोर्समधून कंपाइल करायचा आणि चालवायचा, २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ वर पंधरा सेकंदांच्या आत. तुझी शंभर ओळींची असाइनमेंट त्यापुढे म्हणजे शेंगदाणा.

माझं रोजचं एक उदाहरण देतो. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. काउंट वाढला की सूत बारीक. मीटर-ग्रॅममध्ये आणलं तर सूत्र निघतं: एकूण मीटर गुणिले ०.५९०५ भागिले काउंट, उत्तर ग्रॅममध्ये. ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांत, १२०० तार, लांबी १०० मीटर, सूत २० काउंटचं; किती लागेल? प्रोग्राम लिहिलाय "सूत डॉट सी", तीन आकडे आर्गव्हीमधून घेतो, एटीओएफने आकड्यात बदलतो, गुणून-भागून छापतो. चालवायचा असा:

टीसीसी डॅश रन सूत डॉट सी २० १२०० १००

उत्तर ३५४३ ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलोला थोडं वर. फाइलच्या नावानंतर जे लिहिशील ते तुझ्या प्रोग्रामला मिळतं. टीसीसीला स्वतःला काही सांगायचं असेल तर ते डॅश रनच्या आधी लिहायचं. हा क्रम चुकला की तुझी सूचना कंपायलरला न पोचता प्रोग्रामच्या आकड्यांत जाऊन बसते.

याच प्रोग्रामची पहिली आवृत्ती मी लिहिली तेव्हा ०.५९०५ ऐवजी कंसात ५९०५ भागिले १०००० लिहिलं होतं. दोन्ही पूर्णांक, भागाकार शून्य, सगळं वजन शून्य. शेठजी म्हणाले, "असा दर कुठं मिळतो सांगा, तिथूनच घेऊ सूत." कंपायलरने हूं की चूं केलं नव्हतं, कारण भाषेच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती.

स्कॅनएफने इनपुट घेणारे प्रोग्राम तुम्हाला जास्त देतात. दरवेळी तेच दहा आकडे टाइप करत बसू नकोस. एका टीएक्सटी फाइलमध्ये ते लिहून ठेव, आणि कमांडच्या शेवटी "पेक्षा लहान" चं चिन्ह देऊन त्या फाइलचं नाव लिही. प्रोग्रामला वाटतं कीबोर्डवरूनच येतंय. "पेक्षा मोठं" चं चिन्ह दिलं की उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये जातं, आणि मग अपेक्षित उत्तराच्या फाइलशी "एफसी" कमांडने ताडून बघता येतं. पॉवरशेल नडतो तो इथेच. "पेक्षा लहान" चं चिन्ह तो घेत नाही. टर्बो सीच्या निळ्या खिडकीत बसणाऱ्यांना ही सोय ठाऊकच नसते, आणि मला विचारशील तर कमांड लाइन शिकायचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

चुका आल्या की टीसीसी पहिल्या चुकीवर थांबतो. जीसीसी, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा मोठा कंपायलर, पंधरा चुकांची जंत्री देतो, त्यातल्या चौदा बऱ्याचदा पहिलीच्या पोटी आलेल्या असतात. शिकताना एका वेळी एकच चूक दिसलेली बरी. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, पुढे कारण. अर्धविराम राहिला असेल तर तो बहुधा पुढच्या ओळीचा क्रमांक सांगतो, कारण पुढचा शब्द दिसेपर्यंत त्याला कळत नाही. म्हणून एक ओळ वरही बघ. "अनडिफाइन्ड सिम्बॉल" आलं तर मात्र प्रकार निराळा: तुझं व्याकरण ठीक आहे, पण तू बोलावलेलं फंक्शन कुठेच सापडलं नाही. लॅबमधला प्रोग्राम इकडे आणलास की पडदा पुसणाऱ्या "सीएलआरएससीआर" वर हमखास हेच येईल.

आणि आता डॅश बी. हे एकच अक्षर शिकलीस तरी हा सगळा खटाटोप वसूल झाला. एका कारखान्याला मी रोजच्या उत्पादनाची बेरीज करणारा प्रोग्राम दिला होता. तारखेप्रमाणे मीटर साठवायला ३१ खान्यांचा ॲरे. सप्टेंबरमध्ये दिला, झकास चालला. ऑक्टोबरअखेर फोन: बेरीज चुकते. नोव्हेंबरला बरोबर. डिसेंबरला पुन्हा चूक. मी डेटा तपासला, मुनीमजींनी वही तपासली, आम्ही दोघांनी एकमेकांवर संशय घेतला. शेवटी डॅश बी लावून चालवला तर जागेवर थांबला आणि ओळ क्रमांक दाखवला. ३१ खाने म्हणजे ० ते ३०. मी तारीखच खाना क्रमांक म्हणून वापरत होतो. ३१ तारखेचं उत्पादन ॲरेच्या बाहेर, शेजारच्या बेरजेच्या व्हेरिएबलवर जाऊन पडत होतं. ज्या महिन्याला ३१ तारीख नाही तो महिना बरोबर! मुनीमजींची मी माफी मागितली, त्यांनी चहा पाजला.

तर सवय अशी लाव: टीसीसी डॅश बी डॅश रन, मग फाइल. ॲरेच्या बाहेर पाऊल पडलं किंवा पॉइंटर भलतीकडे गेला की तो तिथेच अडवतो. प्रोग्राम हळू होतो, पण असाइनमेंटला काय फरक पडतो? सगळंच पकडतो असं नाही. एकाच स्ट्रक्चरच्या आत एका खान्यातून शेजारच्यात घुसलं तर गप्प राहू शकतो. डॅश वॉलही लाव, म्हणजे न सांगता बोलावलेल्या फंक्शनबद्दल आधीच कुरकुर करेल. त्यातला डब्ल्यू मोठा.

प्रॅक्टिकलला उपयोग आहे का? हे तुमच्या सरांवर अवलंबून आहे. परीक्षेला टर्बो सीच असेल तर त्याच्या खोडी माहीत हव्यातच. तिकडे इंट दोन बाइटचा, इकडे चार. आठचं फॅक्टोरियल ४०३२० तुझ्या लॅपटॉपवर बरोबर येईल आणि लॅबमध्ये उणे २५२१६ येईल, कारण तिथे ३२७६७ च्या पुढे इंट जातच नाही. आपल्याकडेही १२ पर्यंतच ठीक. १३ चं फॅक्टोरियल १९३२०५३५०४ असं दिसेल, दिसायला अगदी खरं, पण चुकीचं. लाँग लाँग घेतलास तर २० पर्यंत जाता येतं. विंडोजवर नुसता लाँग घेऊन उपयोग नाही, तो चारच बाइटचा असतो.

उलट दिशेनेही फसगत होते, आणि ती परीक्षेत जास्त महाग पडते. टीसीसी फॉरच्या कंसात इंट आय लिहू देतो, ब्लॉकच्या मध्येच व्हेरिएबल काढू देतो. डॉट सी नावाच्या फाइलमध्ये टर्बो सी यांतलं काही घेणार नाही. घरी पळालेला प्रोग्राम लॅबमध्ये लाल होतो आणि घाम फुटतो. म्हणून सगळी व्हेरिएबल्स ब्लॉकच्या डोक्याशी लिहायची सवय ठेव, आणि फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत.

कोनिओ डॉट एच, सीएलआरएससीआर, गेटसीएच यांचं मी असं करतो. टर्बो सी स्वतःची ओळख म्हणून एक मॅक्रो ठरवून ठेवतो: दोन अंडरस्कोर, मोठ्या लिपीत टर्बोसी, पुन्हा दोन अंडरस्कोर. हॅश इफडेफ (हे नाव ठरलेलं असेल तरच पुढचं घे) लावून त्या मॅक्रोच्या आत कोनिओ आणि पडदा पुसणारी ओळ ठेवायची. लॅबमध्ये ती जिवंत होते, घरी टीसीसी तिला ओलांडून पुढे जातो. दोन्हीकडे एकच फाइल, खाडाखोड नाही. ग्राफिक्स डॉट एचवर मात्र इलाज नाही. ते बोरलँडचं घरचं आहे, त्या असाइनमेंट डॉसबॉक्समध्येच कर. व्हॉइड मेन टीसीसी चालवून घेतो, तरी इंट मेन आणि शेवटी रिटर्न शून्य लिही. सरांनी व्हॉइड शिकवलं असलं तरी मार्क कापणार नाहीत.

टीसीसी कुठे कमी पडतो तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काका एकच बाजू सांगतात. सी प्लस प्लस त्याला येत नाही. तिसऱ्या वर्षी ते लागलं की दुसरं काही घ्यावंच लागेल. त्याचा कोड जीसीसीने वेगवान करून दिलेल्या कोडपेक्षा हळू पळतो. वर्षभराची उत्पादनाची नोंद चाळायला मला फरक जाणवत नाही, पण चित्रांवर किंवा मोठ्या आकडेमोडीवर काम करायचं झालं तर जाणवेल. आणि तो फार सोशिक आहे. प्रिंटएफमध्ये डबलला टक्का डी दिलास, किंमत न देता व्हेरिएबल वापरलंस, इफमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच लिहिलंस, तरी बोलणार नाही. डॅश वॉल लावला की जीसीसी यातल्या प्रत्येकावर ओरडतो. कॉलेजात लिनक्सची मशीन असतील तर तयार प्रोग्राम एकदा तिथे जीसीसीला डॅश वॉल लावून दाखव. मी गिऱ्हाइकाला काही देण्याआधी हे करतोच. लिहिताना टीसीसी, देताना जीसीसी. प्रवासाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेतो, पण पंगत काही त्यावर उठवत नाही.

अँटिव्हायरसचं एक राहिलं. टीसीसीने बनवलेली इवलीशी ईएक्सई कधीकधी त्याला संशयास्पद वाटते आणि तो ती उचलून नेतो. तू म्हणशील फाइल बनली आणि गायब झाली. अँटिव्हायरस बंद करू नकोस, फक्त तुझं सरावाचं फोल्डर त्यातून वगळ. किंवा डॅश रननेच काम कर, मग उचलून न्यायला फाइलच नसते.

लॅपटॉपवर ३२ बिट विंडोज निघालं तर वरचं थोडं बदलेल. तिथे टर्बो सीचा टीसीसी चालूही शकतो, मग चूक न दाखवता भलताच कंपायलर काम करत राहील, आणि झिपही ३२ बिटची लागेल. म्हणून आज रात्री एवढंच कर: "व्हेअर टीसीसी" आणि "टीसीसी डॅश व्ही", दोन्हींचं जे छापून येईल ते जसंच्या तसं इथे टाक. फोटो काढू नकोस, खिडकीतलं माउसने ओढून निवडलं आणि उजवं क्लिक केलं की कॉपी होतं. मी उद्या दुपारी बघतो, सकाळी कारखान्यात वार्पिंगच्या मशीनशेजारचा कॉम्प्युटर उघडायचाय.